भाची म्हणते कंडेन्स्ड मॅटर थिअरीत पीएच.डी. करणार. जाणकारांनी सांगावं

मामा_पाचोरा

नमस्कार मंडळी. इथे बरेच शिकलेले लोक आहेत म्हणून विचारतो.

माझी भाची अमळनेरला एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. बहीण-मेव्हणे चोपड्याकडे शेती करतात, केळी आणि कापूस. आम्ही सगळे धरून चाललो होतो की एम.एस्सी. झाली की बी.एड. करेल, नाहीतर बँकेच्या परीक्षा देईल. दिवाळीत घरी आली आणि म्हणाली, "मामा, मला थिअरॉटिकल कंडेन्स्ड मॅटरमध्ये पीएच.डी. करायची आहे." मेव्हण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वीज मंडळात आयुष्य काढलं. डीपी, जंपर, फ्यूज यापलीकडचं मला ओ की ठो कळत नाही.

विचारायचं ते सरळ विचारतो. हे लोक दिवसभर करतात काय? किती वर्षं लागतात? तोवर पैसे कोण देतं? नंतर नोकरी कुठे? परत इकडे येता येतं का? आणि एक प्रश्न बहिणीचा आहे, तो तुम्हाला न सांगता कळेल.

केळीवाला_रावेर

मामा, थिअरी म्हणजे लॅब नाही, मशीन नाही, केमिकल नाही. कागद, पेन आणि फळा. ठिबकचा एक संच टाकायला याच्या कितीतरी पट खर्च येतो. करू द्या ना भो पोरीला.

तासिका_सर

केळीवाला भाऊ, खर्च कमी म्हणून मुलगी पाठवायची असती तर मी कीर्तनकार झालो असतो.

मामा, मी धुळे जिल्ह्यातला. पीएच.डी. आहे, पण प्रयोगातली. थिन फिल्म्स, म्हणजे काचेवर चढवलेले पदार्थांचे अतिपातळ थर. आपल्या भागातल्या कॉलेजांत हे काम खूप चालतं, कारण स्प्रे पायरोलिसिसला, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर बनवायला, काय लागतं? एक हीटर, एक नोझल, द्रावण आणि काचेच्या पट्ट्या. मोजमापाला विद्यापीठात नाहीतर पुण्याला जायचं. पेपर निघतात, विद्यार्थी तयार होतात. एवढं असूनही मी आज तासिका तत्त्वावर शिकवतो. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत शून्य. कायम जागेची जाहिरात निघाली की पुढे काय होतं ते मी इथे लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.

थिअरीवाल्याची अवस्था याहून वाईट. कॉलेजला हवा असतो प्रॅक्टिकलची बॅच सांभाळणारा माणूस. ग्रीन्स फंक्शनसारखं अवघड गणित येणारी मुलगी घेऊन विभागप्रमुख काय करणार? इकडे परत यायचं मनात असेल तर थिअरी नको. तिला नाउमेद करायचं नाही, पण हे तिला कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो.

तापी_ते_एल्ब

मामा, मी यावल तालुक्यातली. सध्या जर्मनीत ड्रेस्डेनला पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची कराराची संशोधन नोकरी) आहे आणि विषय नेमका हाच. त्यामुळे जरा लांब लिहिते.

आधी, करतात काय. कंडेन्स्ड मॅटर म्हणजे घन-द्रव पदार्थ, ज्यांत असंख्य कण दाटीने एकत्र असतात. एका इलेक्ट्रॉनचं समीकरण १९२६ पासून माहीत आहे. पण तुमच्या तांब्याच्या तारेत एका घन सेंटिमीटरमध्ये जे मोकळे इलेक्ट्रॉन असतात त्यांची संख्या साधारण ८.५ गुणिले १० चा २२वा घात. ते सगळे एकमेकांना ढकलतात. भुसावळ स्टेशनवर एकटा माणूस कसा चालतो ते कितीही बारकाईने पाहिलं तरी गाडी लागल्यावर पुलावरची गर्दी कुठे तुंबेल ते त्यावरून सांगता येत नाही, तसंच हे. फिलिप अँडरसनने १९७२ साली 'सायन्स'मधल्या लेखात हेच ठासून मांडलं: संख्या वाढली की नवे नियम येतात, आणि ते मूळ कणांच्या नियमांइतकेच मूलभूत असतात. आमचा सगळा धंदा त्या नव्या नियमांचा.

उदाहरण घ्या. १९११ साली लायडनला कामरलिंग ओनेस यांनी पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युतरोध गायब झाला. कमी झाला नाही, गायब. का, याचं उत्तर मिळायला १९५७ उजाडलं. मधल्या काळात आइनस्टाइनने हात घातला, हायझेनबर्गने घातला, फाइनमनने घातला, जमलं नाही कोणालाच. ज्यांना जमलं ते तिघं कोण होते ते बघा: जॉन बार्डीन प्राध्यापक, लिऑन कूपर पोस्टडॉक आणि रॉबर्ट श्रीफर पीएच.डी.चा विद्यार्थी. निर्णायक तरंगफल, म्हणजे सगळ्या इलेक्ट्रॉनांची मिळून अवस्था सांगणारं सूत्र, श्रीफरला न्यूयॉर्कच्या सबवेत बसल्या बसल्या सुचलं. तुमच्या भाचीला ज्या शिडीवर चढायचं आहे तिच्या तीन पायऱ्या याच. १९७२ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं.

रोजचं काम साधारण असं. एखाद्या पदार्थाचा गाभा पकडणारं सोपं मॉडेल लिहायचं, म्हणजे ऊर्जेचं एक सूत्र. मग ते सोडवायचं. बहुतेक वेळा सुटत नाही. मग अंदाज, सममिती, काही मर्यादेत अचूक उत्तर, नाहीतर संगणक. संगणकाचंही ऐका. अणूंच्या जागी नुसते वर-खाली होणारे चुंबकीय बाण धरले तर १० बाणांच्या अवस्था १,०२४. २० बाणांच्या १० लाख ४८ हजार. ४० बाणांच्या जवळजवळ १ लाख १० हजार कोटी. खऱ्या पदार्थात ४० नसतात. म्हणून नुसता मोठा संगणक घेऊन भागत नाही, युक्ती लागते. युक्ती शोधण्यात आमची वर्षं जातात.

आता पैसे आणि वर्षं. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, किंवा जेस्ट, गेट, टीआयएफआरची (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) अशा प्रवेश परीक्षा यातून एखाद्या चांगल्या संस्थेत निवड झाली, तर घरून एक रुपया लागत नाही. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडं. (कधी कधी महिनोन्महिने अडकतं, तेवढी ऊब गाठीशी ठेवावी.) पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरा. त्यानंतर पोस्टडॉक, एकेक करार दोन-तीन वर्षांचा, असे दोन, कधी तीन, बहुधा वेगवेगळ्या देशांत. मग कुठे सहायक प्राध्यापकाची आशा. आपल्याकडच्या अनेक संस्थांना पस्तिशीच्या आतला उमेदवार बरा वाटतो, मुलींना थोडी सूट असते. म्हणजे आज बाविशीत असलेल्या मुलीने हे धरलं तर कायम पगाराची पावती तिशी ओलांडल्यावरच दिसते. आणि सगळ्यांना ती दिसत नाही. माझ्या बरोबरीचे कितीतरी जण डेटा सायन्समध्ये, बँकांच्या जोखीम विभागांत, क्वांटम संगणकाच्या कंपन्यांत गेले. उपाशी कोणी नाही, पण ज्यासाठी निघाले होते ते हे नव्हतं.

तासिका सरांचं म्हणणं कडू आहे, पण खरं आहे. फक्त मी ते असं म्हणेन: थिअरी करून खान्देशात परतणं हा नियम नाही, अपवाद आहे. तेवढं मनात धरून निघावं.

मामा_पाचोरा

ताई, फार उपकार झाले. बहिणीला वाचून दाखवलं. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा की लॅब लागत नाही, कागद-पेनच आहे आणि इंटरनेट घरात आहे, तर मग जर्मनीला कशाला जायचं? चोपड्यात बसून होणार नाही का? मला उत्तर देता आलं नाही.

केळीवाला_रावेर

मीही तेच म्हणू राहिलो. खळ्यात बाज टाकायची, वर लिंबाची सावली, पोरगी गणितं करते.

तापी_ते_एल्ब

मावशींचा प्रश्न अख्ख्या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे.

पेपर घरी मिळतात, हे खरं. १९९१ साली सुरू झालेल्या अर्काइव्ह या पेपरांच्या वेबसाइटवर आमच्या विषयाचा विभाग १९९२ पासून आहे. जगातला नवा पेपर भारतात पहाटे साडेपाचच्या सुमारास यादीत येतो, फुकट, प्रिन्स्टनमधल्या प्राध्यापकाला आणि चोपड्यातल्या मुलीला एकाच मिनिटाला. (हिवाळ्यात साडेसहाला, तिकडची घड्याळं बदलतात.) आमच्या गुरुजनांच्या काळी मासिक बोटीने यायचं, त्या मानाने ही चैनच.

पण पेपरात जे छापलेलं नसतं त्यावर हा विषय चालतो. कोणती पद्धत तीन गटांनी वापरून गुपचूप सोडून दिली. कोणत्या प्रयोगावर कोणाचा विश्वास नाही. कोणता प्रश्न आता पिकलाय आणि कोणता अजून वीस वर्षं सुटणार नाही. हे सगळं चहाच्या टेबलावर कळतं, सेमिनारनंतरच्या भांडणात कळतं. एकटी बसलेली हुशार मुलगी दोन वर्षं घालून अचूक गणित करते आणि मग तिला समजतं की तो प्रश्न लोकांनी टाकून दिलेला होता.

ब्रायन जोसेफसनची गोष्ट सांगते. १९६२ साली केंब्रिजमधला २२ वर्षांचा पीएच.डी.चा विद्यार्थी. अँडरसन तेव्हा अमेरिकेहून वर्षभरासाठी तिथे आला होता आणि त्याची व्याख्यानं जोसेफसन ऐकत होता. त्यातून डोक्यात किडा शिरला: दोन अतिवाहकांमध्ये (वरच्या पाऱ्यासारखे रोध गायब झालेले पदार्थ) पातळ रोधक थर ठेवला तर इलेक्ट्रॉनांच्या जोड्या त्यातून पार होतील, व्होल्टेज न लावताही. बार्डीनने जाहीर विरोध केला. तेव्हा एक नोबेल खिशात असलेला माणूस एका पोराच्या विरोधात! पोरगं बरोबर निघालं. १९७३ चं नोबेल त्याला मिळालं, आणि आज अनेक क्वांटम संगणक त्याच रचनेवर चालतात. हुशार तो होताच. पण अँडरसन त्या वर्षी केंब्रिजला आला नसता तर?

म्हणून बाहेर जायचं. जर्मनीलाच असं नाही. बेंगळुरू, मुंबई, चेन्नई, प्रयागराज, पुणे, जिथे या विषयाची चार माणसं एका मजल्यावर बसतात तिथे.

धुयेकर

ताई, सगळं वाचं, बठ्ठं पटनं. पन एक सांगा. मंग तुन्हा त्या बिनरोधना तारथून आमनी लाइट जावानी बंद व्हई का?

केळीवाला_रावेर

😂 धुयेकर भाऊंनी मुद्द्याला हात घातला. दीपनगरचं वीज केंद्र आमच्या जिल्ह्यात, लाइट मात्र रात्री बारानंतर, पाणी भरायला.

मामा_पाचोरा

केळीवाला भाऊ, शेतीच्या फीडरचं वेळापत्रक हा भौतिकशास्त्राचा विषय नाही. तीस वर्षं शिव्या खाल्ल्यात त्यापायी.

शंकेखोर_पुणे

मी मूळचा भडगावचा, इंजिनिअर. थोडं पाणी ओततो, राग मानू नये.

जुलै २०२३ मध्ये कोरियातून एलके-९९ ची बातमी आली. खोलीच्या तापमानाला अतिवाहक, जग बदलणार वगैरे. त्याच आठवड्यात थिअरीवाल्यांचे पेपर: होय, इलेक्ट्रॉनिक रचना अनुकूल दिसते. महिनाभरात फुगा फुटला. मग या थिअरीचा उपयोग काय? जे सापडेल त्याला मागाहून होकार द्यायचा? तांब्याच्या ऑक्साइडांतली अतिवाहकता १९८६ साली सापडली, चार दशकं होत आली, अजून सर्वमान्य सिद्धांत नाही. करदात्यांचे पैसे घेऊन एवढा काळ उत्तर न देणारा दुसरा कुठला धंदा आहे?

तापी_ते_एल्ब

राग कशाला? ऑक्साइडांबद्दल तुमचं बरोबर आहे. आमच्या विषयाचं ते सगळ्यात मोठं जुनं दुखणं आहे. १९८७ मध्येच अँडरसनने एक कल्पना मांडली, चेन्नईचे जी. बास्करन त्या कामात पहिल्यापासून होते, आजही लोक त्यावर भांडतात.

एलके-९९ चं मात्र अर्धंच सांगितलंत. थिअरीचे ते पेपर काय म्हणत होते ते नीट पाहा: रचना जर अशी असेल तर इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे पट्टे सपाट येतात, आणि ते अतिवाहकतेला अनुकूल. 'जर' बातमीदारांनी खाल्ला. आणि फुगा फुटला तोही याच विषयातल्या लोकांनी फोडला. नमुन्यात क्युप्रस सल्फाइडची भेसळ होती, ते १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास रचना बदलतं आणि रोध एकदम पडतो, तोच अतिवाहकतेसारखा दिसला. स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत शुद्ध स्फटिक केला तर तो चक्क विद्युतरोधक निघाला. काही आठवड्यांत सगळं उघड्यावर. इतक्या वेगाने स्वतःचं खोटं पकडणारे धंदेही फार नसतील.

आणि मागाहून होकार म्हणता, तर एक भारतीय वंशावळ सांगते. १९६९ साली चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी चुंबकीय बाणांच्या साखळीचं एक मॉडेल अचूक सोडवलं. मजुमदारांचा टीआयएफआरमधला विद्यार्थी श्रीराम शास्त्री. त्यांनी १९८१ मध्ये बिल सदरलँडबरोबर तसंच एक मॉडेल द्विमितीत रचलं. तेव्हा असा पदार्थ जगात कोणाला माहीत नव्हता, गणित सुंदर सुटतं म्हणून केलं. १९९९ मध्ये जपानी गटाला स्ट्रॉन्शियम, तांबं आणि बोरॉनचं एक संयुग मिळालं, त्यात तांब्याचे अणू नेमके त्याच जाळीत बसलेले. आज त्या पदार्थावर दाब देऊन, चुंबकीय क्षेत्र देऊन प्रयोग चालू आहेत आणि सगळ्यांच्या हातात नकाशा १९८१ चाच आहे.

धुयेकर दादा, खरं सांगू? तुमच्या घरची लाइट माझ्यामुळे थांबणार नाही. बहुतेक एमआरआय मशीनमधलं चुंबक मात्र अतिवाहक तारेचंच असतं, द्रव हेलियमने गार ठेवलेलं.

निवृत्त_फिजिक्स

उशिरा आलो. जळगावला अनेक वर्षं शिकवलं, आता भरीत पार्ट्यांना जाणं एवढंच काम. वांगी आसोद्याकडची असतील तर.

शंकेखोर, तुमच्यासाठी आपल्याच हवेतला किस्सा. गॅलियम नावाचा धातू २९.८ अंश सेल्सिअसला वितळतो. म्हणजे जळगावच्या मे महिन्यात टेबलावर ठेवला तर पंखा लावूनही त्याचं पाणी होणार. कण जितका लहान तितका तो लवकर वितळावा, असं पाठ्यपुस्तक सांगतं, कारण पृष्ठभागावरचे अणू सैल असतात. २००३ साली अमेरिकेत जॅरोल्ड यांच्या गटाने गॅलियमच्या जेमतेम १७ आणि ४० अणूंचे पुंजके तापवले, तर ते शेकडो अंशांवरही घनच! सगळे बुचकळ्यात. पुढच्याच वर्षी पुणे विद्यापीठातल्या डी. जी. कान्हेरे यांच्या गटाने फ्रान्समधल्या सहकाऱ्याबरोबर गणन करून दाखवलं की इतक्या लहान पुंजक्यात अणूंमधले बंध धातूसारखे न राहता सहसंयुजी, म्हणजे शेजारच्या अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले, होतात, म्हणून ते घट्ट धरून राहतात. हे कंडेन्स्ड मॅटर थिअरीचंच काम, आणि ते पुण्याच्या गणेशखिंडीत बसून झालं. त्याच्या मुळाशी वॉल्टर कोन यांची १९६४-६५ ची घनता-फलन पद्धत आहे, इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाचे गुण काढणारी. गंमत म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या कोन यांना त्यासाठी १९९८ चं नोबेल मिळालं ते रसायनाचं.

मामा, हे सांगण्यात एक हेतू आहे. थिअरीतही दोन वाटा आहेत. एक कागदी, मॉडेलांची, तापीताई करतात ती. दुसरी गणनाची, खऱ्या पदार्थांची. दुसऱ्या वाटेने गेलेल्याला बॅटरी, उत्प्रेरक, सेमीकंडक्टर यांच्या कंपन्यांत जागा निघतात, आणि प्रयोगवाल्यांनाही तो शेजारी हवाच असतो. तासिका सरांसारखे लोक फिल्म बनवतात, हे लोक तिच्यात काय चाललंय ते सांगतात.

तासिका_सर

सर, हे मात्र मान्य. माझ्या दोन पेपरांतलं गणन दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यार्थ्याने करून दिलं होतं. इथे कोणी असतं तर दारावर जाऊन बसलो असतो.

सातपुडा_वहिनी

तो 'न सांगता कळणारा' प्रश्न कोणीच घेत नाही, म्हणून मी घेते. मी फिजिक्सवाली नाही, पण माझी नणंद पीएच.डी. करत होती तेव्हा घरात काय काय झालं ते पाहिलंय.

मामा, बहिणीला सांगा की लग्न अडत नाही, स्थळं बदलतात. "मुलगी जास्त शिकली" म्हणणारी आपोआप गळतात आणि ते बरंच असतं. खरी अडचण नंतरची. दोघांच्या नोकऱ्या दोन गावांत, दोन देशांत. पोस्टडॉकची वर्षं आणि मूल होण्याची वर्षं तीच. यावर कुणाकडे सूत्र नाही. आमच्याकडे नणंदेचा नवरा तिच्यामागे गेला, तर गावात दोन वर्षं तोच विषय होता.

तापी_ते_एल्ब

वहिनी, सूत्र नाहीच. या क्षेत्रात बायका कमी का दिसतात याचं निम्मं उत्तर तुम्ही दिलंत. पण ज्या आहेत त्यांची नावं तिच्या कानावर असू द्या. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात शोभना नरसिंहन आहेत, गणनवाल्या, मुंबईत शिकलेल्या. इटलीतल्या त्रिएस्तेच्या आयसीटीपीत (सैद्धांतिक भौतिकीचं आंतरराष्ट्रीय केंद्र), जी अब्दुस सलाम यांनी १९६४ साली आपल्यासारख्या देशांतल्या लोकांसाठीच उभी केली, तिथे भौतिकीतल्या स्त्रियांसाठी करिअर कार्यशाळा होते, तिच्यामागे त्याच आहेत. त्याच संस्थेत एम.एस्सी.नंतरचा वर्षभराचा डिप्लोमाही आहे, कंडेन्स्ड मॅटरचा वेगळा वर्ग असतो, निवड झाली की खर्च तेच करतात.

आणि शरीराने, पैशाने, गावाने अडलेल्यांसाठी जैनेंद्र जैन. राजस्थानातल्या सांभरसारख्या छोट्या गावात वाढलेले, लहानपणी अपघातात पाय गेला, पुढे जयपूर फूटवर चालायला लागले. जयपूरला बी.एस्सी., आयआयटी कानपूर, मग अमेरिका. अपूर्णांकी क्वांटम हॉल परिणामात (प्रचंड चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनांच्या पातळ थरात दिसतो तो) इलेक्ट्रॉन चुंबकीय भोवऱ्यांना चिकटून नवेच कण बनतात, ही १९८९ ची कल्पना त्यांची. २०२५ चं वुल्फ पारितोषिक त्यांना दोघा प्रयोगकर्त्यांबरोबर मिळालं.

चोपड्याची_भाची

नमस्कार. मामांनी लिंक पाठवली. मामा, "ओ की ठो" लिहायची गरज नव्हती, तुम्हीच मला आठवीत ट्रान्सफॉर्मर उघडून दाखवला होता.

टीआयएफआरचा फॉर्म भरला आहे, परीक्षा डिसेंबरमध्ये. जेस्ट आणि गेट पण देणार. माझे प्रश्न वेगळे आहेत. आमच्या अभ्यासक्रमात सॉलिड स्टेट आहे, पण बँड थिअरीपाशी (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा-पट्ट्यांपाशी) संपतं. सेकंड क्वांटायझेशन, म्हणजे असंख्य कणांचं गणित मांडायची पद्धत, कोणी शिकवत नाही. मी मोबाइलवर एनपीटीईएलची (आयआयटींची मोफत ऑनलाइन) व्याख्यानं पाहून शिकते, पण बरोबर शिकते का ते तपासायला कोणी नाही. मुलाखतीत हे विचारतील का? आणि गाइड कसा निवडायचा? वेबसाइटवर सगळेच थोर दिसतात.

तापी_ते_एल्ब

ये गं! मुलाखतीची भीती काढून टाक. सेकंड क्वांटायझेशन कोणी विचारत नाही, तू स्वतःहून नाव घेतलंस तर मात्र सोडणार नाहीत. विचारतात ते साधं: दोलक, दोन अवस्थांची क्वांटम प्रणाली, आयझिंग मॉडेल, पार्टिशन फंक्शन, एखादा आलेख हाताने काढ, मर्यादेत काय होतं सांग. उत्तर न येणं चालतं. अडल्यावर काय करतेस ते बघतात. फळ्यासमोर मोठ्याने विचार करायची सवय लाव, आपल्याकडे शांत बसायची सवय लावतात. एनपीटीईएलवर आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन यांचं सांख्यिकी भौतिकी आणि क्वांटम बघितलं नसशील तर आधी ते.

गाइड. वेबसाइट बघू नको, त्यांचे जुने विद्यार्थी आज कुठे आहेत ते बघ. त्यांचे पेपर अर्काइव्हवर काढ, पहिलं नाव विद्यार्थ्याचं असतं का बघ. मग आत्ता गटात असलेल्या एका विद्यार्थ्याला, शक्यतो मुलीला, मेल कर आणि विचार, "सर आठवड्यातून किती वेळा भेटतात?" बाकी काही विचारू नको, उत्तर द्यायला किती वेळ लावते त्यावरूनच कळेल. विषय आवडता आणि माणूस वाईट, किंवा विषय बरा आणि माणूस चांगला, असं निवडायची वेळ आली तर दुसरं घे. विषय पोस्टडॉकमध्ये बदलता येतो.

निवृत्त_फिजिक्स

भाची, तपासायला कोणी नाही म्हणालीस. रविवारी दुपारी व्हिडिओवर बसू. माझं सेकंड क्वांटायझेशन गंजलंय, पण चिन्हाची चूक अजून पकडतो. आणि तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, तिचे अर्ज साधारण याच दिवसांत चालू असतात. दोन महिने एखाद्या खऱ्या गटात बसायला मिळतं. शेवटच्या वर्षाला कितपत बसते ते नियमात बघ, आणि तुझ्या मागच्या वर्गातल्या मुलांना तरी सांग, त्यांना कोणी सांगत नाही.

तासिका_सर

माझ्याकडे नेटच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवलेल्या आहेत, वहीत. धुळ्याला येणं झालं तर घेऊन जा. नाहीतर अमळनेरच्या बसमध्ये कंडक्टरकडे देतो.

पण तापीताई, एवढं सगळं लिहिलंत आणि एक गोष्ट टाळलीत. तुम्ही परत येणार का?

तापी_ते_एल्ब

टाळली नव्हती, कोणी विचारली नव्हती.

भारतात अर्ज टाकलेत, आयसरांमध्ये (केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था) आणि आयआयटींमध्ये. सगळीकडे मुलाखतीपर्यंत बोलावतात असं नाही. जळगावच्या विद्यापीठात थिअरीची जागा निघाली तर टाकेन का, हा तुमचा खरा प्रश्न. एकटीसाठी निघाली तर नाही टाकणार. आई-बाबा यावलला आहेत, तरी नाही. वर मावशींना जे कारण दिलं तेच मला लागू आहे. पाच वर्षांत मी अभ्यासक्रम पूर्ण करणारी, पेपर तपासणारी बाई होईन, ज्यासाठी हे सगळं केलं ते राहून जाईल. दोघांची-तिघांची जागा एकदम निघाली, एक मॉडेलवाला, एक गणनवाला आणि शेजारी तुमच्यासारखा फिल्म बनवणारा कायम नोकरीत, तर पहिल्या दिवशी टाकते.

तासिका_सर

तशी जाहिरात निघाली तर मीही टाकतो. कळवा.

मामा_पाचोरा

मेव्हणे विचारताहेत, मुंबईच्या परीक्षेला सोबत कोणी जायचं की एकटी जाईल. भाची म्हणते एकटी. आता घरात तो विषय चालू आहे.